बूस्टर गोल्ड: भविष्यातून आलेल्या नायकाच्या इतिहासाची संगती कशी लावावी

बूस्टर गोल्डकडे उडण्याची ताकद एका अंगठीमुळे आली. ती अंगठी आहे ३०व्या शतकातली. त्याने ती चोरली २५व्या शतकातल्या एका संग्रहालयातून, आणि बोटात घालून तो आला २०व्या शतकात. पुढे जन्माला येणारी वस्तू आधीच संग्रहालयात कशी पोचली, हा प्रश्न तुम्हाला छळू लागला, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

डीसी कॉमिक्सचा हा नायक फार मोठ्या नावांपैकी नाही. सुपरमॅन, बॅटमॅन घरोघरी पोचले, हा पोचला नाही. तरी काळ ओलांडून आलेल्या सगळ्या सुपरहिरोंमध्ये मला हाच सर्वांत जवळचा वाटतो. त्याच्या निर्मात्यांनी कालप्रवास ही गंमत न ठेवता त्यातून एका माणसाचं दुःख घडवलं. ते दुःख पोचायचं असेल तर वाचण्याचा क्रम सांभाळावा लागतो, आणि तोच सांभाळणं अवघड आहे. सुमारे ४० वर्षांत तो किती तरी मालिकांतून फिरला, त्यातल्या काहींची नावं मध्येच बदलली, काही अंकांवर भलतेच आकडे छापले गेले.

एक सूचना आधीच देतो. पुढे काही गुपितं फुटणार आहेत. ती स्वतः शोधायची असतील तर ‘लीग’च्या, म्हणजे चौथ्या पायरीपर्यंत वाचा, तेवढे अंक मिळवा आणि मग परत या.

पहिली पायरी: वहीत तीन रकाने आखा

इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचत वाढलेल्यांना कुठलाही अंक उचलून मजेत वाचायची सवय असते. गोष्ट बहुतेक तिथल्या तिथे संपायची. अमेरिकन मासिक कॉमिक तसं चालत नाही. तिथे धागा वर्षानुवर्षं लांबतो, आणि नायक काळातून ये-जा करणारा असला की धाग्याचा गुंता होतो. म्हणून साधी वही घ्या. पहिल्या रकान्यात मालिकेचं नाव, अंक आणि मुखपृष्ठावरचा महिना लिहा. दुसऱ्यात, हा प्रसंग मायकेल कार्टरच्या, म्हणजे बूस्टरच्या, स्वतःच्या आयुष्यात कुठे येतो ते. तिसऱ्यात, या घटकेला कुणाला काय माहीत आहे ते.

तिसरा रकाना सगळ्यांत कामाचा. कालप्रवासाच्या गोष्टीत घटना कोणत्या वर्षी घडली यापेक्षा ती कुणाला आधीच ठाऊक होती, यावर सगळं अवलंबून असतं.

पहिल्या रकान्याबद्दल एक खबरदारी. मुखपृष्ठावरचा महिना म्हणजे विक्रीला आल्याचा महिना नव्हे. अंक दुकानात जास्त दिवस ताजा दिसावा म्हणून अमेरिकन प्रकाशक दोन-तीन महिने पुढची तारीख छापत. म्हणूनच ‘बूस्टर गोल्ड’च्या पहिल्या अंकावर फेब्रुवारी १९८६ आहे, पण तो वाचकांच्या हाती पडला १९८५ संपता संपता. कुठे १९८५ दिसेल, कुठे १९८६. दोन्ही बरोबर आहेत. वहीत मात्र कायम मुखपृष्ठावरचीच तारीख लिहा, नाही तर मधूनच गोंधळ उडेल.

दुसरी पायरी: त्याची पूर्वकथा ओळखून ठेवा, पण तिथून सुरुवात करू नका

पूर्वकथा थोडक्यात अशी. मायकेल जॉन कार्टर हा २५व्या शतकातला गॉथममधला गरीब घरचा मुलगा. अमेरिकन फुटबॉलमध्ये निष्णात, विद्यापीठाच्या संघाचा क्वार्टरबॅक, टोपणनाव ‘बूस्टर’. लहानपणी घर सोडून गेलेला जुगारी बाप एक दिवस परततो आणि पोराला सट्ट्यासाठी सामने मुद्दाम हरायला लावतो. प्रकरण उघडकीस येतं आणि सगळं संपतं. ज्याच्या नावाने मैदान दणाणायचं, तो मेट्रोपोलिसच्या अंतराळ संग्रहालयात रात्रपाळीचा रखवालदार होतो.

काचेच्या कपाटांमागे जुन्या काळच्या नायकांचं सामान मांडलेलं असतं आणि हा रात्रभर त्यांच्यामधून फेऱ्या मारतो. मग एका रात्री तो ठरवतो: शक्तीचा पोशाख, लीजन ऑफ सुपरहिरोज या ३०व्या शतकातल्या नायकसंघाची उडती अंगठी, त्याच संघातल्या ब्रेनियाक ५चा संरक्षक पट्टा आणि सोबतीला स्कीट्स नावाचा छोटा सुरक्षा-रोबो. तिथेच ठेवलेल्या, रिप हंटर नावाच्या कालप्रवाशाच्या कालयंत्रात बसून तो २०व्या शतकात पळून येतो. स्कीट्सच्या स्मरणात जुन्या बातम्या साठवलेल्या असतात. कुठे कधी अपघात होणार, गुन्हा कुठे घडणार, सगळं आधीच ठाऊक. त्या माहितीच्या जोरावर तो राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा जीव वाचवतो आणि रातोरात प्रसिद्ध होतो.

नावाचा किस्साही तिथलाच. त्याने स्वतःसाठी ‘गोल्डस्टार’ हे नाव ठरवलं होतं. राष्ट्राध्यक्षांसमोर जीभ अडखळली, जुनं टोपणनाव आणि नवं नाव एकमेकांत मिसळलं, आणि तो जन्मभरासाठी ‘बूस्टर गोल्ड’ झाला.

हे सगळं मी चार ओळींत सांगितलं, पण १९८६ च्या वाचकाला पहिल्या अंकात यातलं जवळजवळ काहीच कळलं नव्हतं. लेखक आणि चित्रकार डॅन जर्गन्स यांनी मालिका सुरूच केली ती आधीच प्रसिद्ध झालेल्या माणसापासून. त्याच्याकडे मॅनेजर आहे, सेक्रेटरी आहे, जाहिरातींचे करार आहेत. नायकपणाचा धंदा मांडून बसलेला हा चकचकीत इसम आला कुठून, याचा खुलासा थेट सहाव्या अंकात होतो. तोवर वाचक त्याला उथळ समजतो. चोरी, बदनामी, रखवालदाराची नोकरी हे नंतर कळतं आणि आधीची पाच अंकांची चमक वेगळी दिसू लागते. मायकेलच्या वयाच्या क्रमाने वाचलं तर हा धक्का हातून जातो. म्हणून माझं ठाम मत: वाचायचं छपाईच्याच क्रमाने. दुसरा रकाना मागाहून भरायचा.

तिसरी पायरी: १९८६ ची मालिका पुरती वाचा

फेब्रुवारी १९८६ ते फेब्रुवारी १९८८, एकूण २५ अंक. संकलन दोन तऱ्हांनी मिळतं. २००८ सालच्या ‘शोकेस प्रेझेंट्स’ आवृत्तीत संपूर्ण मालिका एका जाड ग्रंथात आहे, पण काळ्या-पांढऱ्या छपाईत. नंतर रंगीत दोन खंड निघाले: ‘द बिग फॉल’मध्ये पहिले १२ अंक, ‘फ्यूचर लॉस्ट’मध्ये उरलेले. निवड करता येत असेल तर रंगीत खंड घ्या. पोशाखाचा निळा-सोनेरी झगमगाट हाच या माणसाचा धंदा आहे, तो करड्या रंगात निम्मा मरतो. मुंबईत हुतात्मा चौकाच्या फुटपाथवर किंवा पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुने सुटे अंक शोधायचा छंद असेल, तर वही बरोबर ठेवा आणि अंकावर मालिकेचं वर्ष तपासूनच घ्या. याच नावाची दुसरी मालिका २००७ साली पुन्हा क्रमांक १ पासून सुरू झाली.

या मालिकेची वेळ महत्त्वाची आहे. डीसीने १९८५-८६ मध्ये ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ या १२ अंकी कथेत आपली सगळी जुनी समांतर विश्वं मोडून एकच विश्व उभं केलं. ती उलथापालथ संपत असतानाच बूस्टर आला. सगळे जुने नायक नव्याने घडवले जात होते, आणि हा एकटा कोराकरकरीत होता.

बारकाईने वाचायचे अंक सांगतो. सहावा आणि सातवा सुपरमॅनबरोबरचे. सुपरमॅनला हा माणूस मुळीच आवडत नाही आणि त्याची कारणं पटण्याजोगी आहेत. आठवा आणि नववा अंक मागे जातात, बूस्टरच्या २०व्या शतकातल्या पहिल्या दिवसांकडे. ३०व्या शतकातले लीजनचे सदस्य तिथे येतात. अंगठीचा प्रश्न मनात धरूनच हे दोन अंक वाचा. १३ ते १५ मध्ये तो आजारी पडून स्वतःच्या काळात परत जातो आणि येताना जुळी बहीण मिशेल हिला घेऊन येतो. मालिकेच्या अखेरीकडे मिशेल मरते. तिसऱ्या रकान्यात ही नोंद ठळक करा, पुढे लागेल.

शेवट कडू आहे. ज्या मॅनेजरवर धंदा सोपवला तोच शत्रूचा हस्तक निघतो, पैसा जातो, बूस्टर कफल्लक होतो. पंचविसाव्या अंकावर मालिका बंद.

चौथी पायरी: ‘लीग’ची बदलती नावं सांभाळा

इथे नवखे वाचक हमखास चुकतात. १९८७ साली कीथ गिफन आणि जे. एम. डीमॅटिस यांनी केव्हिन मॅग्वायर या चित्रकाराबरोबर डीसीच्या नायकांच्या संघाची नवी ‘जस्टिस लीग’ मालिका सुरू केली. पहिले सहा अंक त्याच नावाने. सातव्यापासून ती ‘जस्टिस लीग इंटरनॅशनल’. २६व्यापासून ‘जस्टिस लीग अमेरिका’. मालिका एकच आहे, क्रमांकही सलग आहेत, फक्त पाटी बदलली. वहीत तिन्ही नावांभोवती एक कंस काढा. याशिवाय २०११ साली ‘जस्टिस लीग इंटरनॅशनल’ नावाची वेगळी मालिका निघाली. तिला दुसऱ्या रंगाच्या पेनने लिहा.

बूस्टर चौथ्या अंकात लीगमध्ये येतो, मॅक्सवेल लॉर्ड नावाच्या धूर्त धनाढ्याच्या पुढाकाराने. इथेच त्याला टेड कॉर्ड भेटतो, म्हणजे ब्लू बीटल. टेडची निर्मिती स्टीव्ह डिटको यांनी १९६६ मध्ये चार्लटन या छोट्या प्रकाशनसंस्थेसाठी केली होती. १९८३ साली डीसीने चार्लटनची पात्रं विकत घेतली. दोन वेगळ्या घरांतून आलेल्या या दोघांची अशी गट्टी जमली की आज एकाचं नाव घेतलं की दुसरं आपोआप ओठावर येतं.

वाचकांनी या काळाला खदाखदा हसण्याच्या आवाजावरून ‘ब्वा-हा-हा’ काळ असं नाव दिलंय. एकच अंक चाखायचा असेल तर ३४वा. लीगच्या पैशांतून हे दोघे एका बेटावर कसिनो उघडतात आणि ते बेट जिवंत निघतं. सुरुवातीच्या अंकांत मॅग्वायरने काढलेले चेहरे पाहा, तसे काढणारा चित्रकार दुर्मीळ. एका चौकटीत सहा जण आणि सहांचे सहा वेगळे भाव.

हसताना एक लक्षात ठेवा. बूस्टर हा विनोदी आणि बिनकामाचा गडी, ही प्रतिमा इथे पक्की झाली. १९८६ च्या मालिकेतला माणूस स्वार्थी होता, लोभी होता, पण मूर्ख नव्हता. पुढच्या लेखकांनी याच फरकातून सगळ्यांत सुंदर कथा काढली.

पाचवी पायरी: नव्वदीतून झपाट्याने पुढे चला

१९९२ ची एकच गोष्ट पुरे. सुपरमॅनला मारणाऱ्या राक्षसाला ‘डूम्सडे’ हे नाव बूस्टरने दिलं, आणि त्याच झुंजीत त्याचा भविष्यातला पोशाख नष्ट झाला. सुपरमॅन मरतो तो ‘सुपरमॅन’ मालिकेचा ७५वा अंक लिहिला आणि रेखाटला डॅन जर्गन्स यांनीच. आपल्या हाताने घडवलेल्या नायकाकडून त्यांनी मारेकऱ्याचं बारसं करून घेतलं.

त्यानंतर ‘एक्स्ट्रीम जस्टिस’ वगैरेमध्ये जडजड चिलखतं, तुटलेला हात, आरडाओरड. एखादा अंक समोर आला तर चाळा, मुद्दाम शोधत फिरू नका.

सहावी पायरी: २००३ आणि २००५ एकापाठोपाठ वाचा

२००३ मध्ये गिफन, डीमॅटिस आणि मॅग्वायर परतले. ‘फॉर्मर्ली नोन अ‍ॅज द जस्टिस लीग’ ही सहा अंकी मालिका. जुनी मंडळी, जुनी थट्टामस्करी. तिला विनोदी प्रकाशनाचा आइस्नर हा कॉमिक्सचा पुरस्कारही मिळाला. ती वाचून झाली की मध्ये दुसरं काही न वाचता ‘काउंटडाउन टू इन्फिनिट क्रायसिस’ हातात घ्या. २००५ चा हा ८० पानी अंक अवघ्या एका डॉलरला विकला गेला होता. टेड कॉर्डला एका मोठ्या कटाचा वास लागतो. तो एकेका नायकाच्या दारात जातो, कुणी त्याला गांभीर्याने घेत नाही. बूस्टर घेतो, पण तो जखमी होऊन पडतो. शेवटी टेड एकटाच कटाच्या मुळाशी पोचतो. तिथे मॅक्सवेल लॉर्ड बसलेला असतो, तोच ज्याने त्यांची लीग उभी केली. लॉर्ड त्याच्या डोक्यात गोळी घालतो.

हसणं आणि हा शेवट एकमेकांना चिकटून वाचल्याशिवाय पुढचं काहीच लागणार नाही. माझा एक मित्र लीगचा काळ वगळून थेट इथे पोचला आणि म्हणाला, ठीक आहे, एक नायक मेला. त्याला ३४वा अंक दिला, मग हा अंक पुन्हा वाचायला लावला. त्या दिवशी तो बराच वेळ गप्प होता.

सातवी पायरी: ‘५२’ आठवड्यांच्या क्रमानेच वाचा

मे २००६ ते मे २००७, दर आठवड्याला एक असे ५२ अंक. लेखक चार: जेफ जॉन्स, ग्रँट मॉरिसन, ग्रेग रका, मार्क वेड. प्रत्येक पानाची कच्ची मांडणी कीथ गिफन यांची. बूस्टर हा अनेक धाग्यांपैकी एक, पण फक्त त्याची पानं निवडून वाचू नका, कारण उत्तरं इतरांच्या पानांत लपवलेली आहेत.

सुरुवातीला तो पुन्हा आपला जुना धंदा मांडतो, पोशाखावर प्रायोजकांच्या पाट्या चिकटवून. पण स्कीट्सने सांगितलेला इतिहास चुकू लागतो. जे घडणार म्हणून नोंद आहे ते घडतच नाही. मग बनावट खलनायक भाड्याने घेतल्याचं उघडकीस येऊन बूस्टरची लाज जाते, आणि १५व्या अंकात तो सगळ्यांदेखत मरतो. शहरात सुपरनोव्हा नावाचा नवा नायक आलेला असतो. ३७व्या अंकापर्यंत तिसऱ्या रकान्यात त्याच्या नावापुढे प्रश्नचिन्हच ठेवा. मुखवट्याआड बूस्टर आहे हे तिथे कळतं, आणि ज्या स्कीट्सवर त्याने इतकी वर्षं विसंबून काढली, तोच उलटला आहे हेही.

मागे जाऊन १५वा अंक पुन्हा उघडा. दुसऱ्या रकान्यातला क्रम तुम्हाला खोडून नव्याने लिहावा लागेल. माझ्या वहीत या पानाला भोक पडलंय.

आठवी पायरी: २००७ ची मालिका, आणि आकड्यांचे सापळे

आता आपण गाभ्याशी पोचलो. सुरुवातीला जेफ जॉन्स आणि जेफ कॅट्झ यांचं लेखन, जर्गन्स यांचं चित्रांकन, नॉर्म रॅपमंड यांची शाई. ऑक्टोबर २००७ ते २०११, एकूण ४७ क्रमांकित अंक. शिवाय दोन भलत्याच आकड्यांचे. शून्य क्रमांकाचा अंक पहिल्याच्या आधी वाचायचा नसतो, तो सहाव्यानंतर येतो. आणि क्रमांक १०,००,००० चा अंक येतो दहाव्यानंतर, अकराव्याच्या आधी. संकलनं घेतलीत तर ही कटकट नाही: आधी ‘५२ पिकअप’, मग ‘ब्लू अँड गोल्ड’.

मांडणी अशी. रिप हंटर, ज्याच्या कालयंत्रातून बूस्टर पळून आला होता, तो त्याला काळाची राखण करायला बोलावतो. कुणीतरी भूतकाळात ढवळाढवळ करतंय. अट एकच: हे काम कुणाला कळता कामा नये. काळाच्या शत्रूंनी बूस्टरला क्षुल्लक समजायला हवं, नाही तर ते त्याला पाळण्यातच मारतील. म्हणून जगाने त्याला मूर्खच मानलं पाहिजे. लीगमध्ये मानाने परतायची संधी समोर असताना तो ती सोडतो. फक्त नाव कमवायला जो काळ ओलांडून आला, त्याचं सगळ्यांत मोठं काम कुठल्याच इतिहासात लिहिलं जाणार नाही. लीगच्या काळातली सगळी थट्टा इथे मुखवटा होऊन बसते.

पाचवा अंक सावकाश वाचा. बॅटमॅनचा शत्रू जोकर याने बार्बरा गॉर्डनला, म्हणजे बॅटगर्लला, गोळी घालून अपंग केलं तो प्रसंग १९८८ मध्ये छापला गेला होता. बूस्टर त्या रात्री परत जातो, तिला वाचवायला. हरतो. पुन्हा जातो. पुन्हा हरतो. दर वेळी मार खातो आणि दर वेळी गोळी सुटतेच. काही घटना काळात गोठलेल्या असतात, बदलत नाहीत, हे रिपला त्याला शिकवायचं असतं. त्या रात्री जोकरने काढलेल्या फोटोंत बूस्टर सापडतो आणि बॅटमॅनला पुढे कळतं की हा ‘विदूषक’ तिथे होता. तिसऱ्या रकान्यात बॅटमॅनचं नाव लिहा. खरं माहीत असलेल्या मोजक्या लोकांत तो आला.

त्यानंतर टेड. सहा ते दहा या अंकांत बूस्टर नियम मोडतो आणि गोळी सुटायच्या क्षणी मित्राला उचलून आणतो. दोघं पुन्हा एकत्र, पुन्हा तीच थट्टा. पण टेड जगला की जग मोडतं: मॅक्सवेल लॉर्डचं राज्य, रस्त्यांवर यंत्रमानवांचा पहारा. शेवटी टेडच परत जायचं ठरवतो, त्याच खोलीत, त्याच गोळीसमोर. आधी २००३ ची मालिका, मग २००५ चा अंक, मग हे पाच अंक, या क्रमाने वाचलंत तर दहाव्या अंकाच्या शेवटी वही मिटून थोडा वेळ बसावंसं वाटेल. बसा.

मिशेलबद्दलची ती ठळक नोंदही याच मालिकेत कामी येते. तीही काळातून परत मिळते.

नववी पायरी: २०११ नंतर निवडून वाचा

डीसीने २०११ मध्ये पुन्हा सगळं नव्याने मांडलं. ‘जस्टिस लीग इंटरनॅशनल’चे १२ अंक ठीकठाक आहेत, त्यात जुनी ऊब नाही. २०१८-१९ च्या ‘हीरोज इन क्रायसिस’मध्ये बूस्टरला ज्या तऱ्हेने रंगवलंय ते मला पटत नाही. २००७ च्या मालिकेने त्याला जे शहाणपण दिलं होतं ते तिथे हरवलंय. पण २०२१-२२ ची ‘ब्लू अँड गोल्ड’ ही आठ अंकी मालिका चुकवू नका. लेखक पुन्हा जर्गन्स, आणि टेड जिवंत. बापलेकांनी एकत्र वाचावी अशी ती आहे. पडद्यावर पाहायचं असेल तर २००४ सालच्या ‘जस्टिस लीग अनलिमिटेड’मधला बूस्टरचा भाग पुरेसा आहे. २००७ च्या मालिकेचा सूर त्यात तीन वर्षं आधीच सापडतो.

शेवटची नोंद

वही जवळजवळ भरली की एक काम उरतं. पहिल्या रकान्याच्या अगदी वर, बूस्टरच्याही आधी, डीसीच्या जुन्या ‘शोकेस’ मालिकेचा मे १९५९ चा २०वा अंक लिहा. रिप हंटर त्यात पहिल्यांदा आला. आता १०,००,००० क्रमांकाचा अंक काढा, मुखपृष्ठावर सप्टेंबर २००८, आणि शेवटची पानं पाहा. एक प्रौढ बूस्टर तिथे एका पोराला शिकवतोय, आणि तो पोर म्हणजे रिप. ज्याचं यंत्र चोरून मायकेल पळाला तो त्याचा स्वतःचा मुलगा, आणि मुलाने बापाला जगासमोर मूर्ख राहायला सांगितलं ते बाप जिवंत राहावा म्हणून. २००८ पासून १९५९ पर्यंत एक लांब बाण काढा, आणि तिसऱ्या रकान्यात लिहा: रिपला पहिल्यापासून माहीत होतं.